हेळवी कुठं थांबला

जवळ सरका, मायबाप हो. अंगावर काटा आणणारी गोष्ट सांगतो.

रायगोंडाचा भाऊ मूत्रपिंडाच्या कॅन्सरनं गेला. रोगाशी लढणाऱ्या जनुकातला एक फरक रायगोंडाच्याही रक्तात निघाला. "धोका वाढतो, एवढंच. घराण्यात आणखी कुणाला होता?" डॉक्टरांनी विचारलं. लेकीचा, वेणूचा, त्याच तपासणीचा रिपोर्ट उद्या यायचा होता.

म्हणून त्यानं घराण्याची वंशावळ राखणाऱ्या हेळव्याला बोलावलं. म्हातारा सोप्यात बसून पिढ्यांची नावं गाऊ लागला. मधूनच एखाद्या नावापाशी थांबे.

"दम लागला का मामा? वेणू, चहा टाक गं!"

"चहा चालंल. पण दम न्हाई. कुशीत गाठ होऊन गेलेल्याच्या नावापाशी थांबायचं, ही आमची वाडवडलांची रीत."

पणजोबापाशी तो थांबला, भावापाशी थांबला. रायगोंडाचं नाव सरळ ओलांडलं. त्याचा जीव भांड्यात पडला. मग "वेणू" म्हणून हेळवी गप्प झाला.

"मामा, ती तर आत चहा गाळतेय!"

हेळव्यानं गळा चाचपला. "मी थांबलो न्हाई, पाटील. आवाजच पुढं गेला न्हाई."

आज पांडुरंगापुढं हात जोडाल, तेव्हा त्या पोरीची आठवण ठेवा.