अस्सल खानदान

आमचे पूर्वज घोड्यावर बसून बेंगळुरात आले, हे अभिमन्यू रोज सांगायचा. स्वतः मात्र चाळिशीपर्यंत कुठल्या कामावर आठवडाभर टिकला नव्हता. थोरली बहीण सकवारअक्का परसातल्या नऊ गावठी कोंबड्यांची अंडी गल्लीत विकून दोघांचं घर चालवायची.

शहाण्णव साली त्याला एकाएकी कोंबड्यांतलं कळायला लागलं. "अक्का, ही तुझी गावठी कोंबडी स्वल्प अंडी घालते आणि मग खुडूक होऊन बसते. लेयर कोंबडी बघ. वर्षाला तीनशे अंडी, आणि बसण्याचं नावच नाही."

अक्का चार दिवस म्हैसूरला गेली, तेवढ्यात त्याने नऊच्या नऊ खाटकाला दिल्या आणि होसकोट्याच्या एका हॅचरीतून लेयरची चाळीस पिल्लं आणली. ती जवळजवळ फुकट मिळाली, हे तो आपल्या बोलण्याचं कसब समजला.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी चाळीसही पिल्लं एकदम आरवली. लेयरच्या हॅचरीवाले माद्या ठेवून घेतात आणि नर असे काढून टाकतात, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. त्याने कुणाला विचारलंच नव्हतं.

"पण खानदान अस्सल आहे, अक्का," अभिमन्यू म्हणाला.



"सरी, बरं," दाण्याचं रिकामं सूप झटकत अक्का म्हणाली, "खानदान मोठं, दोन वेळा खायचं आणि नुसतं आरवायचं. असा एक माझ्या घरात होताच."