बद्द आवाज

कार्बन फायबरचा धावायचा कृत्रिम पाय देताना, तो बनवणाऱ्या काकांनी मुलीला बजावलं होतं, “कुठे आपटला तर लगेच सांगायचं. वर ओरखडाही दिसत नाही, पण आतले थर सुटतात आणि ऐन शर्यतीत पाय मोडतो.”

आज ती रडकुंडीला येऊन दारात उभी. “काका, काल जिन्यात पडला हो. खालचं टोक आपटलं.”

काकांनी नाण्याने ठोकून पाहिलं. खालचं टोक खणखणीत वाजलं. वरच्या वळणावर मात्र आवाज बद्द आला; आतले थर सुटले होते. पाय तिला देण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या हातून पाना निसटून नेमका तिथेच पडला होता, आणि ओरखडा नाही म्हणून त्यांनी ब्रसुद्धा काढला नव्हता.

“गेला ना? माझ्यामुळेच,” ती मुसमुसली.

काकांना मान वर करवेना.


“असू दे, बाळा. खरं सांगितलंस, हेच खूप झालं.”