तेरावं मिनिट

धाकटीचं लग्न झालं, त्याच वर्षी निवृत्त टाइपिस्टकाका घरच्या कॉम्प्युटरवर डीव्हीडी करायला शिकले. लग्नाच्या व्हिडिओत काकू बोलत होत्या. तेवढाच त्यांचा आवाज उरला होता आणि काकांना तो टीव्हीवर मोठ्याने ऐकायचा होता.

फाइल बारा मिनिटांची होती, डिस्क मात्र तेरा मिनिटं चालली. तेरावं मिनिट नुसतं काळं होतं.

"बाबा, जन्मभर टाइप केलंत आणि एवढ्यात चुकलात?" धाकटी फोनवर हसली.

त्यांनी नवी डिस्क केली. या वेळी तेराव्या मिनिटाला हीच खोली दिसली. टीव्हीसमोर स्टुलावर ते स्वतः पाठमोरे बसले होते.

"अहो, पाठ भरून येईल. जरा टेकून बसा," काकू म्हणाल्या.

काका मागे टेकले. स्टुलाला पाठ नव्हती, तरी टेकायला मिळालं.

काकू वारल्या त्या लग्नानंतर नवव्या दिवशी, ही डिस्क करण्याच्या चार महिने आधी.