डोळ्यांनी बोललेलं पहिलं वाक्य

पक्षाघाताच्या झटक्याने मास्तरांची वाचा गेली, हातपाय लुळे पडले. तरी त्यांचा बालमित्र रोज पत्ते घेऊन यायचा, दोघांचीही पानं स्वतःच खेळायचा आणि मास्तरांच्या डोळ्यांदेखत इस्पिकची राणी खुशाल बाहीत सरकवायचा. मास्तर आतल्या आत धुमसत राहायचे.

आज नजरेवर चालणारा कॉम्प्युटर आला. पहिले शब्द ऐकायला अख्खं घर जमलं; सूनबाई तर आधीच डोळे पुसू लागल्या. मास्तरांची नजर पडद्यावरच्या अक्षरांवरून भराभर फिरली आणि कॉम्प्युटर खणखणीत आवाजात बोलला, "चोरा, राणी काढ."

मित्राने बाहीतली राणी काढली आणि ती नाचवत गिरक्याच घेऊ लागला. "अरे गाढवा, तुला बोलतं करायलाच तर चोरत होतो. नाहीतर तुझ्याशी जिंकायला मला चोरी कशाला लागते?"

मास्तरांची नजर पुन्हा धावली.

"शाळेपासून लागते," कॉम्प्युटर म्हणाला.