सुधारलेला कारकून

विनोदी मालिकेतला ऑफिसचा वात्रट कारकून तो आठ वर्षं रंगवत होता. कुणाची खुर्ची ओढ, कुणाच्या चहात मीठ कालव. आजच्या प्रसंगात मात्र कारकुनाने कसलीही खोडी न काढता, अगदी मनापासून चहा आणला, तर हेडक्लार्क बाईंनी कप तीनदा हुंगला. सेटवर हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली.

"कारकून सुधारलाय, पण कुणाला खरंच वाटत नाही. सगळी गंमत तिथेच आहे!" लेखकाने त्याची पाठ थोपटली.

त्याला दारू सोडून तीन महिने झाले होते. संध्याकाळी घरी त्याने स्वतः चहा केला आणि मायलेकींबरोबर टेबलाशी बसला. सात वर्षांच्या लेकीने आधी त्याचा कप उचलून हुंगला. मग हळूच म्हणाली, "आई, चहाच आहे."