समुद्र दिसणारी खिडकी

आईवडील म्हणजे देव, असं ललित मनापासून मानत असे. पण देव घरात ठेवले की रोजचं सोवळं आलं. म्हणून मुलाचं नवं घर बघायला भडगावहून आलेल्या आईवडिलांना त्याने स्टेशनवरून थेट समुद्राकाठच्या जुन्या, संगमरवरी हॉटेलात नेऊन बसवलं.

"घरी रंगकाम चाललंय. आणि आई, इथे राजेमहाराजे उतरायचे!"

सुनेच्या स्वयंपाकघरात भरीत करायचं म्हणून यशोदाबाईंनी वांगी आणली होती. ती पिशवी त्यांनी मखमली खुर्चीवर ठेवली आणि स्वतः खाली गालिच्यावर बसल्या.

"ज्या राजाना पोऱ्या याच गावमा ऱ्हास, तो राजा हॉटेलमा कसाले उतरी?"

ललितला तेवढ्यात फोन आला.

"जाऊ दे वं," कौतिकनाना खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "समुद्र तरी देख."

दोन दिवस ते समुद्रच बघत होते. ललितच्या घरचा रंग काही वाळला नाही.

भडगावला एसटीतून उतरताच शेजारच्या प्रेमराजने गाठलं. "मग नाना, घर कसं शे पोऱ्यानं?"

नानांनी बायकोकडे पाहायचं टाळलं. "भलतं मोठं शे. खिडकीमातून समुद्र दिसस."

आता ही काय बोलते, म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला.

"सूनले भरीत भलतं आवडनं," यशोदाबाई म्हणाल्या आणि सुकलेल्या वांग्यांची पिशवी त्यांनी पदराआड सारली.

ललितचा फ्लॅट मुलुंडला आहे. मुलुंडला समुद्र नाही.