थोरल्यासाठी घोंगडी

जहाज चिलीतल्या वाल्पाराइसो बंदराला लागलं, तसा निजामाच्या मुलखातल्या चिंताकीचा धनगर खलाशी तुळजाराम खांद्यावर घोंगडी टाकून डोंगरावरच्या रंगीत गल्ल्या बघत पायऱ्या चढत निघाला. एका वळणावर त्याचे पाय जागीच थिजले. समोरच्या भिंतीवर चक्क त्याची बायको रंगवलेली होती. बाणूबाईच ती, नवऱ्याच्याच घोंगडीच्या काठाला घालायची आपली तिहेरी गाठ मारत बसलेली. शिडीवरचा चितारी वळला, “तुळ्या! तू हितं कसा रं?” बुडून मेला म्हणून गावानं ज्याचा पुतळा जाळला होता, तो त्याचा थोरला भाऊ अण्णा! मग त्याच्या विधवेनं, बाणूबाईनं, तुळजारामशी पाट लावला होता. तुळजारामच्या हातांनी सवयीनं थोरल्यासाठी घोंगडी अंथरली. “बाणू वाट बघायलीय न्हवं?” विचारत अण्णा शिडी उतरून घोंगडीवर टेकला, बोटं काठावर फिरली, तिहेरी गाठीशी थांबली. तो घोंगडीवरून उठून उघड्या दगडावर बसला.